सोलापुरात ड्रमर मिळंल का हो, काका?

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात बोलता बोलता एक ओळ लिहून गेलो, की आमच्या काळात अख्ख्या सोलापुरात कीबोर्डवाले हाताच्या बोटावर मोजण्याएवढे होते आणि आता जुळे सोलापूरच्या एकेका सोसायटीत दोन-दोन सापडतात. झालं, त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादकबाई म्हणाल्या, काका, या वेळी पाककृतीची दोन पानं पण तुम्हीच घ्या. (शेंगा चटणीवाल्या वहिनी माझ्यावर रागावणार, माहितीय.) नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव मोठं झालं तरी वाजवणारे सगळे एकमेकांना कुठून तरी लागतात.

काका, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गिटार वाजवतो. मित्र गातो, अजून एकजण बेस शिकूलालाय. दोन वर्षं झाली ड्रमर काही मिळंना, एक मिळाला तर सहा महिन्यात पुण्याला गेला. तुम्ही लिहिता म्युझिशियन वाढले, मग आहेत कुठं? का सगळे सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघून गेलेत?
– गिटारवाला, जुळे सोलापूर

हुतात्मानं जातात हे खरंय रे. माझ्या हाताखालची पण तीन चांगली पोरं पुण्याला गेली, एक मुंबईला, आता दिवाळीला आले की मलाच मिक्सिंग शिकवतात. पण तुझी अडचण वेगळीय. तू ड्रमर शोधूलालास म्हणजे नक्की काय शोधूलालास बे? काळा टीशर्ट, पाच ड्रमचं किट, तुझ्याच वयाचा, तुझ्याच कॉलेजचा आणि शक्यतो विजापूर रोडच्या आसपास राहणारा. असा माणूस इथं एखाद-दुसराच असणार आणि तो पुण्याला जाणारच.

जरा पूर्व भागात जा. तिथं गल्लोगल्ली तेलुगू भजनाची मंडळं आहेत, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो त्या दिवशी नुसते वाजवणारे हात मोजायला बस, दमशील. बाळीवेशीकडं आलास की कन्नड कानावर पडतं, आपल्या सिद्धरामेश्वरांनीच बाराव्या शतकात कन्नडमधे वचनं केली आहेत. उरुसात कव्वालीवाले असतात, त्यांच्यातला ढोलकवाला तासभर एका लयीत बसतो, घाम पुसत नाही. चर्चमधल्या पोरांना चार आवाजांत एकत्र गायची सवय असते, तुझ्या गायक मित्राला ती असेल असं मला वाटत नाही. आणि सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ झालं की नंदीध्वजापुढं हलगी सुरू होते तेव्हा तुझ्या अंगावर काटा येतो का नाही? मग तो काटा आणणारा माणूस कोण, राहतो कुठं, हे कधी विचारलंस का?

अडचण एवढीच आहे की हे सगळे आपापल्या पेठेत वाजवतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. पेशवाईतला शाहीर राम जोशी आपल्याच सोलापूरचा, पुराणिकाच्या घरातला पोरगा, पण जाऊन बसायचा तमाशाच्या फडावर. घरात लई तमाशा झाला म्हणे त्यावरून. पण लावणी त्याला तिथंच सापडली, घरच्या ओसरीवर नाही सापडली.

माझीच गोष्ट सांगतो. नव्वदीच्या दशकात आमचा ऑर्केस्ट्रा होता, एका कार्यक्रमाला ढोलकीवाला आलाच नाही, पाच वाजले, सहा वाजले, आयोजक घामाघूम. आमच्यातल्या एकानं साखर पेठेतून तेलुगू भजनात ढोलक वाजवणारा एक माणूस स्कूटरवर बसवून आणला, लूमवरून (यंत्रमागावरून) सुटून तसाच आलेला, केसात कापसाची तुसं. त्याला आमची अर्धी गाणी माहीतच नव्हती. मी यादी पुढं केली तर म्हणला, नावं राहू द्या, ताल केरवा का दादरा तेवढं प्रत्येक वेळी बोटानं दाखवा. रात्री साडेनऊपर्यंत एकदाही लय सुटली नाही. पुढं अकरा वर्षं तोच आमच्यासोबत होता.

तर तू असं कर. ढोलकी-तबल्याला पान, म्हणजे वाजवायचं कातडं, चढवणाऱ्या कारागिराकडं जाऊन दोन तास नुसता बस, कोण किती वाजवतो ते त्याला फुटलेल्या पानांवरून माहीत असतं. युनिव्हर्सिटीचा युवा महोत्सव असतो त्यात लोकवाद्यवृंदाची स्पर्धा बघायला जा, तुमची पोरं वेस्टर्न सोलो झालं की कँटीनला पळतात आणि नेमका तिथंच खरा तालवाला वाजवून निघून जातो. मिळाला की तीनच गाणी बसवा. बँडचं नाव, लोगो, इन्स्टाचं पेज हे सगळं नंतर. मी असे सहा बँड बघितलेत ज्यांचा लोगो अजून आहे.

काका, आम्हा पाच जणांना अशोक चौकाजवळ एकाच्या काकांचं बंद पडलेलं लूमचं शेड प्रॅक्टिसला मिळालंय. फुकट आहे पण वर पत्रा आणि आवाज इतका घुमतो की कोण काय वाजवतंय कळत नाही, वर शेजारच्या आजी येऊन भांडून गेल्या. अंड्याचे ट्रे लावले तर चालेल का?
– पाच जण, भवानी पेठ

अंड्याचे ट्रे अजिबात लावू नका. त्यानं काही होत नाही, पुठ्ठा पातळ असतो, थोडा किणकिणाट कमी वाटतो एवढंच, आणि ठिणगी पडली तर भर्रकन पेटतो.

तुमच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक कायम त्या एकच समजतात. आत घुमणं वेगळं, बाहेर जाणं वेगळं.

आधी घुमण्याचं बघू. शेडच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा, टर्रर्र असा पाठोपाठ आवाज आला की समजा समोरासमोरच्या दोन भिंती आवाजाचा चेंडू खेळतायत. याला औषध आपल्या गावात जेवढं स्वस्त तेवढं कुठंच नाही: चादर! सेकंडमधल्या (थोडा दोष निघालेल्या) सोलापुरी चादरी आणि जाड टर्किश टॉवेल आणा, पण भिंतीला चिकटवून ठोकू नका, भिंतीपासून चार-सहा इंच पुढं तार ओढा आणि तिच्यावर चुण्या पाडून पडद्यासारख्या सोडा. मागं हवा राहिली की जास्त आवाज खातात. सगळ्या भिंती झाकायची गरज नाही, समोरासमोरच्या दोन्हींपैकी एकेक झाकली तरी टर्रर्र जातं. ड्रमच्या खाली जुनी सतरंजी टाका. चादर उंच आवाज खाते, झांजांचा, गिटारच्या कर्कश सुरांचा, पण बेसचं घुमणं तिला झेपत नाही. त्यासाठी कोपऱ्यात वेस्टेज सुताची गच्च भरलेली पोती छतापर्यंत रचा. मी स्वतः असंच केलंय आणि फरक पडतो. फक्त सूत पेटतं हे विसरू नका. जुन्या शेडची वायरिंग कापसाच्या तुसानं भरलेली असते, ती आधी वायरमनकडून बघून घ्या, पोती बोर्डापासून लांब ठेवा आणि आत सिगरेट ओढणाऱ्याला बँडमधूनच काढा.

आता आजींचं. चादरीनं आवाज बाहेर जायचा थांबत नाही, हे नीट समजून घ्या नाहीतर पाचशे चादरी लावून बसाल. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात, पाणी जिथून गळंल तिथून आवाज गळतो. लूमच्या शेडला पत्रा आणि भिंतीच्या मधे हवा यायला मोकळी जागा सोडलेली असते, तिथूनच सगळा आवाज आजींच्या घरात जातोय. ती विटांनी बुजवा, दाराच्या कडेला रबराची पट्टी लावा, पण मग हवा कुठून येणार ते पण बघा, मे महिन्यात पत्र्याखाली पाच जण आणि बंद दार म्हणजे भट्टीच. पत्र्याखाली दुसरं जाड छत करता येतं पण तो खर्च फुकटच्या जागेला परवडणार नाही. त्यापेक्षा अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून जुन्या टायरवर ठेवा आणि तोंड कानाकडं वर करा, म्हणजे निम्म्या आवाजात भागतं. तुम्ही सगळे आवाज वाढवत जाता कारण अ‍ॅम्प तुमच्या पोटऱ्यांना गाणं ऐकवत असतो.

आणि वेळ. बाजूचे लूम चालू असतात तेव्हा दिवसा वाजवा ना. आजींनी चाळीस वर्षं ती खटखट ऐकलीय, त्यात तुमचं काय कळणाराय. आमच्या पिढीला मेट्रोनोम (लय मोजायचं यंत्र) कुणी दिला नव्हता, लूमच्या खटक्यावर आम्ही गुणगुणायचो आणि पट्टा सैल झाला की लय हलली हे पोरासोरांना कळायचं. रात्री आठला थांबा, आणि एकदा आजींना आत बोलावून चहा पाजा. त्यांना गाणं येत असेल. या भागात बहुतेक आज्यांना येतं.

सर, एप्रिल-मेमधे माझा तबला वर चढतो, काळी चारच्या सुराचा तबला काळी पाच दाखवायला लागतो. शेजारच्या मित्राच्या गिटारच्या पट्टीच्या कडा पण बोटाला टोचतात म्हणतो. वाद्य खराब झालं का?
– तबलजी, होटगी रोड

वाद्य चांगलंय, सोलापूरचं ऊन तसंय. पारा बेचाळीसच्या वर गेला आणि हवा कोरडी झाली की कातडं आक्रसतं, ताण वाढतो आणि सूर चढतो. पावसाळ्यात ओल धरतं आणि उतरतो. हलगीवाले शेकोटीवर हलगी शेकतात ना, तेच ऊन तुझ्या तबल्याला फुकट करूलालंय. गजऱ्याला, म्हणजे कातड्याच्या कडेच्या वेणीला, खालून वर हलके ठोके दे म्हणजे उतरंल, जास्तच असेल तर बाजूचे लाकडी गठ्ठे थोडे वर सरकव. पुडीला (वरच्या कातड्याला) पाणी लावायचं नाही, मधली काळी शाई जाईल. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नको, जाड कव्हरमधे, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेव. पण कूलरसमोर पण नको! कूलर दमट हवा फेकतो, सूर सरसर खाली येतो आणि तू ठोकून वर चढवलास की कूलर बंद झाल्यावर पुडी फाटते. माझ्या समोर फाटलीय, बंदुकीसारखा आवाज येतो. एसी हॉलमधे कार्यक्रम असला तर अर्धा तास आधी वाद्य उघडून ठेव, त्याला तिथली हवा लागू दे, मग सूर लाव.

मित्राला सांग, गिटारची लाकडी पट्टी सुकून आक्रसली, धातूच्या पट्ट्या होत्या तेवढ्याच राहिल्या, म्हणून टोचतात. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओलसर, पिळून काढलेला स्पंज ठेवायचा आणि डबी गिटारच्या केसमधे टाकायची. आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधे राहिली की लाकूड सुखी असतं.

मुलगी दहावीत आहे. शास्त्रीय गायनाची मध्यमा पूर्ण झाली. घरचे म्हणतात आता क्लास बंद करा. विशारद करून काय मिळतं?
– एक आई, मुरारजी पेठ

ताई, दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, शाळेतून नियम आणि मुदत विचारून घ्या, बऱ्याच जणांचे गुण नुसते फॉर्म वेळेत न दिल्यानं जातात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पायऱ्या बघितल्या तर प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत पाच झाल्या, विशारदच्या आता दोनच राहिल्या. विशारद असलं की क्लास घेता येतो, शाळेत शिकवायला उपयोग होतो. पण विशारद झालेल्या कितीतरी मुली मी बघतो, पंधरा राग पाठ आहेत आणि चारचौघात एक अभंग मोकळेपणानं गाता येत नाही, कारण परीक्षकाशिवाय कुणी समोर बसलेलंच नसतं. दहावीच्या वर्षात आठवड्यातून एक दिवस क्लास ठेवा आणि महिन्यातून एकदा घराजवळच्या भजनाला पाठवा. तिथं तिला कुणीतरी ऐन वेळी पट्टी बदलायला लावंल, ते परीक्षेत येत नाही.

साहेब, आम्ही चौघे भाऊ हलगी वाजवतो, आजोबांपासून आहे. मागच्या महिन्यात शहरातल्या एका फ्युजन बँडनं बोलावलं, दोन गाण्यात वाजवलं, लोक खुर्च्या सोडून नाचली. पोस्टरवर त्यांच्या सगळ्यांचे फोटो आणि नावं होती, आमचं फक्त ‘व लोककलावंत’. प्रॅक्टिसला बोलावलं नव्हतं, पैसे त्यांच्या निम्म्यापेक्षा कमी. आता परत बोलावूलालेत. जावं का?
– हलगीवाले, मोहोळ तालुका

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मला साहेब म्हणू नका, कारण आमच्या ऑर्केस्ट्रात आम्ही हेच केलंय. गायकाचं नाव आडनावासकट, माझं आडनावासकट, आणि ढोलकीवर आपला अमका म्हणून नुसतं पहिलं नाव, ते पण एकेरी. वरती साखर पेठेतल्या माणसाची गोष्ट मोठ्या प्रेमानं सांगितली ना, त्याचं पूर्ण नाव आमच्या पोस्टरवर चौथ्या वर्षी आलं. त्यानं कधी मागितलं नाही, आणि मागितलं नाही म्हणून आम्ही दिलं नाही. हलगी कुणी वाजवायची हे गावानं ठरवलेलं होतं, मिरवणुकीत सगळ्यात पुढं आणि पंगतीत सगळ्यात मागं. आता तीच हलगी स्टेजवर आली, तर पंगतीची सवय पण सोबत आलीय.

जा, पण आधी बोलून जा आणि बोललेलं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी नको. चौघांची पूर्ण नावं पोस्टरवर, वाद्याच्या नावासह. दोन प्रॅक्टिसना बोलावणं आणि येण्या-जाण्याचा खर्च. पैसे माणशी बाकीच्यांएवढेच, आणि निम्मे आधी. तुम्ही दोनच गाण्यात वाजवता असं ते म्हणतील, तर त्यांना विचारा, लोक खुर्च्या सोडून कोणत्या दोन गाण्यांना उठली?

हलगीला स्वतःचा माइक मागा. मागच्या वेळी बहुतेक ड्रमच्याच माइकवर भागवलं असणार, त्यात टिपरीचा ठोका येतो आणि बारीक काडीची थरथर सगळी जाते, आणि ती थरथरच तर हलगी आहे. दुसरं, शेकायची सोय. सभागृहात जाळ करता येत नाही, मग हलगी उतरते आणि साउंडवाला म्हणतो आवाज बसका आहे. विजेची शेगडी किंवा हॅलोजनचा दिवा विंगेत ठेवायला लावा, नाहीतर नटानं ताणायची फायबरची हलगी जोडीला ठेवा, आवाज तेवढा गोड नसतो पण अडीनडीला चालते.

आणि त्यांनी ते गाणं रेकॉर्ड केलं तर लक्ष ठेवा. कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्याचा पण हक्क आहे, २०१२ च्या दुरुस्तीपासून तुमच्या वाजवण्याचा धंद्यासाठी वापर झाला तर त्यातला वाटा मागता येतो. न वाचता कागदावर सही करू नका. कागद इंग्रजीत असला तर फोटो काढून मला पाठवा, माझ्या भाचीला वाचता येतो, मला पण नाही येत नीट.

बँडमधली पोरं हे वाचत असतील तर एवढंच सांगतो, तुम्ही वाईट नाही आहात, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलंय.

मी आणि ताई संतांचे अभंग गाऊन यूट्यूबवर टाकतो. परवा एका अभंगावर कॉपीराइटचा दावा आला. तुकाराम महाराजांवर कुणाचा कॉपीराइट आहे हो?
– दोघी बहिणी, पंढरपूर

महाराजांवर कुणाचाच नाही, त्यांच्या गाथेवर पण नाही. पण तुम्ही जी चाल गायलात ती महाराजांच्या काळची आहे का? रेडिओवर ऐकून ऐकून ज्या चाली आपल्याला परंपरेच्या वाटतात त्यातल्या बऱ्याच गेल्या शतकातल्या संगीतकारांनी बांधलेल्या आहेत, आणि आपल्याकडं संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं त्या चालीवर त्याच्या वारसांचा किंवा कंपनीचा हक्क राहतो. शब्द मोकळे, चाल बांधलेली, असं होतं ते. तुम्ही कराओके ट्रॅक वापरला असेल तर त्या ट्रॅकचा मालक अजून वेगळा.

घाबरू मात्र नका. नुसता दावा आला म्हणजे बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे त्यांना जातात, व्हिडिओ तसाच राहतो. स्ट्राइक, म्हणजे व्हिडिओ काढून टाकून दिलेली ताकीद, आला तर ते गंभीर, तीन झाले की चॅनल जातं. पण तुम्ही पंढरपुरात राहता की! तिथं फडाफडावर जुन्या वारकरी चाली आहेत ज्या कुणा एकाच्या नाहीत. एखाद्या जुन्या टाळकऱ्याकडं जाऊन दोन चाली शिका, पेटी-पखवाज तिथलाच घ्या. दावा पण येणार नाही आणि तेच ते गाणाऱ्या शंभर चॅनलपेक्षा वेगळ्या ऐकू याल. स्वतः चाल बांधली तर आयपीआरएस नावाची संस्था आहे, १९६९ पासूनची, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते, तिथं सभासद व्हा.

डीजेवाल्यांनी आमच्या लाइव्ह बँडचा धंदा खाल्ला. तुमचं मत?
– एक बँडवाला, कन्ना चौक

आम्ही ऑर्केस्ट्रावाल्यांनी पितळी बँडवाल्यांचा खाल्ला होता, त्या वेळी मला फार वाईट वाटलं नव्हतं, त्यामुळं आता कोणत्या तोंडानं रडू. पण एक सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. डीजेच्या भिंती त्यात बसणं अवघडच. लोक आता वैतागलेत, ज्यांच्या घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे ते तर फारच. दहानंतरची संगीताची बैठक बंद हॉलमधे, चार वाद्यं, छोटे स्पीकर, असं पॅकेज करून बघा. वरपक्षातली मोठी माणसं पैसे देतात, ती नाचत नाहीत पण बसून फर्माईश करतात.

पुण्यात पहिला शो मिळालाय, ६१ कीचा कीबोर्ड आहे. ट्रेननं न्यावा का?
– कीबोर्डवाली, दमाणी नगर

ने की. साधारण मीटरभर असतो, चेअरकारच्या वरच्या रॅकवर आडवा बसतो, कडक केसमधे घाल आणि त्याच्यावर कुणाला बॅग ठेवू देऊ नको. स्टँड तिथलाच माग. अडॅप्टर केसमधे ठेवू नको, स्वतःच्या पिशवीत ठेव. मी एकदा कुर्डुवाडीच्या पुढं गेल्यावर आठवलं की अडॅप्टर घरी, टीव्हीच्या मागं लावलेलाय. त्या दिवशी मी पुण्यात पेटी वाजवली.

मी ६४ वर्षांचा आहे. ३८ वर्षं लूमवर काम केलं. आमच्या मंडळात तेलुगू भजन म्हणतो. आता पेटी शिकावी वाटते पण कान कमी ऐकतात, सूर लागला का नाही तेच कळत नाही असं पोरगा म्हणतो. आमचं वय गेलं का?
– एक कामगार, विडी घरकुल

अण्णा, तुमच्या मुलाला एक विचारा, सूर कळत नाही हे त्यानं कसं ठरवलं? बहुतेक असं असणार की तो बोलतो ते तुम्हाला नीट कळत नाही, तुम्ही ‘आं?’ म्हणता आणि तो म्हणतो आमच्या बाबांचे कान गेले.

लूमच्या आवाजानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी फार उंच आवाज जातात, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. बोलण्यातला स, श, फ तिकडं असतो, म्हणून शब्द गढूळ होतात, गर्दीत तर काहीच कळत नाही. पण पुरुषाच्या गळ्यातला षड्ज (सा) त्याच्या खूप खाली असतो, शे-दीडशे हर्ट्झच्या घरात. पेटीच्या मधल्या सप्तकाचे मूळ सूर पण पाचशेच्या आतलेच. म्हणजे ज्या खोलीत सूर राहतात त्या खोलीचा दिवा तुमच्याकडं बहुतेक अजून चालू आहे, वरच्या मजल्यावरचा गेलाय. बहुतेक म्हणतोय, कारण मी डॉक्टर नाही, तेव्हा सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी करून घ्या, कागदावर आलेख काढून देतात, त्यात कोणता आवाज किती ऐकू येतो ते दिसतं. मशीन लावायला सांगितलं तर लावा, लाजू नका, आणि ते देणाऱ्याला सांगा की मी गातो, कारण बोलण्यासाठी लावलेली मशीन गाण्याला कधीकधी चिरकी वाटते, तिच्यात बदल करून मिळतो.

पेटी भिंतीकडं तोंड करून वाजवा, म्हणजे आवाज परत तुमच्याकडं येतो. वाजवताना एक हात तिच्या लाकडावर ठेवा, भाता हलवायचा नसेल तेव्हा, सूर तळहाताला पण लागतो. तुमची पट्टी काळी एक-दोनच्या आसपास असंल, ती आधी ठरवू, मग तुमचंच रोजचं भजन घेऊ, अलंकारांची (सरावाच्या सुरावटींची) वही नंतर. शब्द तुम्हाला पाठ आहेत, चाल पाठ आहे, फक्त बोटांना रस्ता दाखवायचाय.

अशोक चौकाजवळ पाच पोरांनी एक शेड घेतलंय, वरती त्यांचं पत्र आहे, बंद पडलेल्या लूमचं. मी त्यांच्याशी बोललोय, रविवारी सकाळी दहाला ते जागा देतायत. जुळे सोलापूरचा तो गिटारवाला पण येणाराय. येताना पेटी आणू नका, तिथं माझी एक ठेवलीय, भाता थोडा फुसका आहे पण चालते. मंडळात ढोलक वाजवणारं कुणी असेल तर त्याला मात्र सोबत आणा.